मोजलेले आणि मानलेले

माणूस खोटे बोलतो, वस्तू खोटे बोलत नाही, असा एक समज आपल्या मनात फार खोलवर रुजलेला आहे. साक्षीदार फितूर होतो, विसरतो, भितो, पैसे घेतो. भिंतीवरचा डाग मात्र भीत नाही आणि पैसेही घेत नाही. म्हणून न्यायालयात माणसांची साक्ष संपून वस्तूंची सुरू झाली की ऐकणाऱ्याला हायसे वाटते. हा समज कितपत खरा, हे पाहण्यासाठी मी यंदा जो विषय घेतला आहे तो चकली-अनारशांच्या ताटाशेजारी मांडण्याजोगा नाही, हे मला ठाऊक आहे. विषय आहे रक्ताच्या डागांचा, आणि ते डाग लेसरच्या प्रकाशाने मोजण्याच्या नव्या विद्येचा. परंतु सणाच्या दिवशीही कुठल्या तरी तुरुंगात एखादा निरपराध माणूस बसलेला असतो, आणि कुठल्या तरी घरात मारल्या गेलेल्या मुलाची आई दारात पणती न लावता बसलेली असते. त्या दोघांचेही या विषयाशी नाते आहे. तेव्हा वाचक मला क्षमा करतील.

विषय आताच काढण्यास निमित्तही आहे. १ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या १७६व्या कलमात असे सांगितले आहे की, ज्या गुन्ह्याला सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा आहे, त्या गुन्ह्याच्या जागी न्यायवैद्यक तज्ज्ञाने स्वतः जावे, पुरावा गोळा करावा आणि त्या कामाचे चित्रीकरण व्हावे. राज्यांना त्याची तयारी करण्यास पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. म्हणजे यापुढे आपल्या न्यायाचा पुष्कळसा भार माणसांच्या जबानीवरून उतरून मोजमापांवर येणार. हा बदल चांगला आहे, असेच माझे मत आहे. परंतु चांगल्या गोष्टीचा भरवसा कुठवर धरावा, हे ती अंगवळणी पडण्यापूर्वी ठरवलेले बरे.

रक्ताचे डाग वाचण्याची विद्या समजायला फार शिकलेले असावे लागत नाही. अंगणात सडा घालणारी बाई रोज तिचा प्रयोग करीत असते. हातातून सरळ खाली पडलेला थेंब जमिनीवर वाटोळा उमटतो; हात फिरवून दूर फेकलेला थेंब लांबट उमटतो, आणि त्याचे शेपूट तो ज्या दिशेने चालला होता त्या दिशेला असते. बाई आत निघून गेल्यावरही त्या ओल्या खुणांवरून ती साधारण कुठे उभी होती हे सांगता येईल. रक्ताचेही तसेच. डागाची रुंदी त्याच्या लांबीने भागली की येणारा भागाकार म्हणजे थेंब ज्या कोनात भिंतीवर आदळला त्या कोनाची साईन. आठ मिलिमीटर लांब आणि चार मिलिमीटर रुंद डाग असेल, तर थेंब तीस अंशांच्या कोनात आला. अशा पुष्कळ डागांपासून दोरे मागे ताणले की ते हवेत एका ठिकाणी जवळजवळ येतात; आघात तिथे झाला असावा.

ही विद्या काही आजची नव्हे. एडुआर्ड पिओत्रोव्स्की या पोलिश वैद्याने १८९५ साली डोक्यावरील आघाताने उडणाऱ्या रक्ताच्या खुणांवर ग्रंथ लिहिला, आणि त्यासाठी बिचाऱ्या सशांचे जीव घेतले. लांबी-रुंदीचा आणि कोनाचा संबंध फ्रान्समधील बाल्थाझार यांनी १९३९ मध्ये दाखवून दिला. पुढे अमेरिकेत पॉल कर्क यांनी १९५५ साली डॉक्टर सॅम शेपर्ड यांच्या घरातील डागांचा अभ्यास केला. पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणारे शेपर्ड १९६६ च्या फेरखटल्यात निर्दोष सुटले, आणि त्या खटल्यात कर्क यांची साक्ष झाली होती. म्हणजे ही विद्या केवळ फासाचा दोर वळणारी आहे असे नाही. तिने दोर सोडवायलाही हात लावलेला आहे.

दोऱ्यांच्या या रीतीत एक उणीव पहिल्यापासून आहे. दोरा सरळ असतो, थेंब सरळ जात नाही. पृथ्वी त्याला खाली ओढते आणि त्याची वाट वाकते. ती वाट सरळ मानली की आघाताची जागा खरी होती त्यापेक्षा उंचावर दिसते. आता ही उंची म्हणजे नुसता आकडा नव्हे. मारला गेलेला माणूस त्या क्षणी उभा होता की बसलेला होता, चालून येत होता की हात जोडून गुडघे टेकून होता, एवढा फरक त्या दीड-दोन फुटांत मावू शकतो. एका बाजूला स्वसंरक्षण असते आणि दुसऱ्या बाजूला निर्घृण हत्या.

लेसर या ठिकाणी मदतीला येतो. त्याचे यंत्र तीन पायांच्या स्टँडवर खोलीच्या मधोमध ठेवतात. ते स्वतःभोवती फिरते, प्रकाशाची एक बारीक रेघ भिंतींवर, छतावर, जमिनीवर आणि सामानसुमानावर फेकते, आणि परत आलेल्या प्रकाशावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढते. थोड्याच वेळात लक्षावधी बिंदूंची मिळून ती खोली संगणकात उभी राहते. दहा-वीस पावलांच्या अंतरावरही चूक काही मिलिमीटरांचीच. याचा लाभ लहान नाही. रक्त धुतले जाते, भिंत रंगवली जाते, भाडेकरू बदलतात, आणि खटला उभा राहतो तोवर वर्षे उलटलेली असतात. अशा वेळी न्यायाधीशाला त्या दिवशीच्या खोलीत पुन्हा शिरता येते. मला तर याहून मोठा लाभ दुसराच वाटतो. आरोपीच्या वकिलालाही त्याच खोलीत शिरता येते. पोलिसांनी जे पाहिले नाही किंवा जे पाहायचे टाळले, ते त्याला शोधता येते. मोजमाप हे कुणा एका पक्षाचे नसते, ही त्याची मोठी थोरवी होय.

असे असूनही सावध राहावे, असे मी का म्हणतो? मी पिंपळे गुरवला राहतो. आमच्या शाळेतल्या मुलांचे वडील भोसरीला, पिंपरीला, चाकणला कारखान्यांत कामाला जातात. त्यांच्यातले एक पालक मोटारींचे पत्रे दाबून घडवणाऱ्या डाय तपासण्याच्या खात्यात आहेत. तिथे डायचे मोजमाप लेसरनेच होते. मी एकदा कुतूहलाने त्यांना विचारले, "यंत्र आल्यापासून तुमचं काम सोपं झालं असेल ना?" ते हसले आणि म्हणाले, "सर, मोजायचं काम सोपं झालं. यंत्र मला सांगतं, इथं दोन दशांश जास्त आहे. का जास्त आहे ते नाही सांगत. डाय झिजली, का पत्रा वेगळा आला, का रात्रपाळीवाल्यानं नीट बसवली नाही, ते मलाच हुडकावं लागतं. आणि माझं हुडकणं चुकलं, तरी यंत्राचा आकडा बरोबरच राहतो." शेवटचे वाक्य ते सहज बोलून गेले, पण मला वाटते, या साऱ्या प्रश्नाचे मर्म त्यात आलेले आहे. आकडा बरोबर असतो, आणि त्याच्या शेजारी उभे राहिलेले अनुमानही त्याच्या संगतीने बरोबर वाटू लागते.

रक्ताच्या डागांत ही संगत फार घातक ठरते. लेसरने खोली मोजली. पण बारीक थेंब लेसरला नीट दिसत नाहीत, त्यांची जवळून छायाचित्रे घ्यावी लागतात आणि ती त्या खोलीच्या नकाशावर बसवावी लागतात. भिंतीवरच्या शेकडो डागांतले कोणते निवडायचे, हे माणूस ठरवतो. डागाची कड कुठे संपली आणि शेपूट कुठे सुरू झाले, हेही बहुधा त्याचीच नजर ठरवते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, हा डाग आघाताने उडालेला आहे, की रक्ताळलेल्या हाताने पुसला गेला आहे, की जखमी माणसाच्या खोकल्यातून आला आहे, हे ठरवायला यंत्र नाही. रक्तावर बसलेल्या माश्या दुसरीकडे जाऊन बारीक ठिपके सोडतात, आणि ते ठिपकेही उडालेल्या रक्तासारखे दिसू शकतात. लेसर त्या माशीच्या ठिपक्याची जागाही तितक्याच इमानदारीने नोंदवील.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा एक अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या विद्येतील अनिश्चितता प्रचंड आहे, आणि तज्ज्ञांची मते पुष्कळदा शास्त्रापेक्षा व्यक्तीवर अधिक अवलंबून असतात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. पुढे २०२१ मध्ये एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. हेच काम करणाऱ्या ७५ तज्ज्ञांपुढे, ज्यांची हकीकत आधीच माहीत आहे असे डाग ठेवण्यात आले. त्यांच्या उत्तरांपैकी शेकडा ११.२ उत्तरे चुकीची निघाली. शाळेच्या परीक्षेत नव्वदच्या आसपास गुण मिळवणाऱ्या मुलाची आपण पाठ थोपटतो. परंतु ज्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराच्या जागी एक जिवंत माणूस उभा असतो, तिथे तेवढ्या गुणांवर समाधान मानता येईल काय?

तसा एक माणूस होऊन गेला. अमेरिकेतील इंडियाना राज्यात डेव्हिड कॅम नावाचा पूर्वीचा पोलीस शिपाई होता. २८ सप्टेंबर २००० रोजी त्याची पत्नी आणि दोन लहान मुले त्याच्याच घराच्या गॅरेजमध्ये गोळ्या घालून मारली गेली. त्याच्या अंगातल्या टी-शर्टवर रक्ताचे आठ बारीक ठिपके सापडले. सरकार पक्षाचे तज्ज्ञ म्हणाले, गोळी झाडताना उडालेले हे रक्त आहे. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, बापाने लेकराला मोटारीतून बाहेर काढले तेव्हा ते कपड्याला लागले. ते ठिपके सर्वांत आधी वाचणारा मनुष्य तिथे मुळात छायाचित्रे घेण्यासाठी आणि टिपणे काढण्यासाठी पाठवलेला होता. कॅम दोन वेळा दोषी ठरला, दोन्ही निकाल वरच्या न्यायालयांत रद्द झाले, आणि तिसऱ्या खटल्यात, २०१३ साली, तो निर्दोष सुटला. मधल्या काळात दुसऱ्याच एका माणसाला त्या हत्यांबद्दल शिक्षा झाली होती. आठ ठिपक्यांच्या जागेबद्दल कुणाचाच वाद नव्हता. वाद होता तो, मारेकऱ्याचे हात आणि बापाचे हात या ठिपक्यांवरून वेगळे ओळखता येतात काय, याचा.

आता आपल्याकडचा एक जुना खटला पाहू. त्याचा निकाल रक्ताच्या डागांवर लागला नाही. पण एका लहानशा खोलीतल्या वस्तूंनी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे त्यात फार स्वच्छ दिसते. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत, मलबार हिलवरील एका फ्लॅटमध्ये, नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेल्या गोळ्यांनी प्रेम आहुजा यांचा मृत्यू झाला. आहुजा नुकतेच स्नान करून कमरेला टॉवेल गुंडाळलेल्या स्थितीत होते. नानावटींचे म्हणणे असे की, रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाने विचारले, झटापट झाली तर टॉवेल कमरेवर तसाच कसा राहिला? ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी त्यांना खुनाबद्दल दोषी धरून जन्मठेप दिली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

योगायोग असा की, या दोन निकालांच्या मध्ये, १६ मे १९६० रोजी, कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेसर पेटवला. तो दहा-वीस वर्षे आधी पेटला असता आणि आजचे यंत्र त्या न्हाणीघरात उभे करता आले असते, तर काय झाले असते? भिंतीपासून देहापर्यंतचे अंतर कळले असते. गोळ्यांच्या वाटा अधिक नेमक्या रेखता आल्या असत्या. झटापट झाली की नाही, या प्रश्नाला कदाचित अधिक भक्कम उत्तर मिळाले असते. पण त्या खटल्यात दुसराही एक प्रश्न होता. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिली, तो क्षण आणि गोळ्या सुटल्या तो क्षण, यांच्या मध्ये नानावटी घरच्यांना सिनेमाला सोडून आपल्या जहाजावर गेले होते. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली होती. दुपारी दीड ते चार वाजून वीस मिनिटे, एवढा अवधी मन ताळ्यावर यायला पुरेसा होता, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्या जवळजवळ तीन तासांत एका माणसाच्या मनात काय चालले होते, ते कुठल्याही भिंतीवर उमटलेले नव्हते. तिथे माणसांनीच माणसाचा विचार करायचा होता. ज्युरीने एका रीतीने केला, न्यायाधीशांनी दुसऱ्या रीतीने केला. पण निदान आपण मोजमाप करीत आहोत, असा भास त्यांच्यापैकी कुणाला झाला नाही.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला या ठिकाणी एक विशेष धोका दिसतो. कादंबरीकाराचा धंदाच असा की, इकडे तिकडे पडलेल्या चार खुणा उचलायच्या आणि त्यांना जोडणारी हकीकत अशी रचायची की, वाचकाला दुसरी हकीकत सुचूच नये. हे काम मी कागदावर करतो आणि माझी माणसे कागदावरच मरतात. परंतु तज्ज्ञ जेव्हा लंबगोल डागांवरून "तो इथून आला, इथे वळला, मग त्याने हात उगारला" असे सांगू लागतो, तेव्हा तो माझ्याच धंद्यात शिरलेला असतो. त्यातून ती हकीकत जर संगणकाच्या पडद्यावर, लेसरने मोजलेल्या हुबेहूब खोलीत, माणसांच्या हलत्या आकृत्यांसह दिसू लागली, तर बघणाऱ्याने शंका कुठे घ्यावी? खोली खरी असते, खिडकीचा गज न् गज खरा असतो, आणि त्या खऱ्या खोलीत एक रचलेला मारेकरी फिरत असतो.

यावर कुणी म्हणेल, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे, की इतकी शंका घेत बसले तर गुन्हेगार मोकाट सुटतील. जिचे मूल गेले तिने कुणाकडे पाहायचे? आणि मोजमाप नको असेल तर हवे तरी काय? पूर्वीसारखी दंडुक्याने काढलेली कबुली? या आक्षेपातले शेवटचे वाक्य मला निमूटपणे मान्य आहे. ज्या तपासात आकडा आला, त्या तपासात काठीची गरज कमी होते, आणि एवढ्यासाठी तरी लेसरचे स्वागत केले पाहिजे. पण म्हणून त्या आईला कुणीतरी एक माणूस दिला की तिला न्याय मिळाला, असे होत नाही. चुकीचा माणूस आत गेला, म्हणजे बरोबर माणूस बाहेर राहिला. तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय झाला, आणि तोही तिला न कळता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत जी रेघ आखून दिली, ती महाराष्ट्रातल्याच खटल्यांवरून. १९७३ मध्ये शिवाजी बोबडे खटल्यात न्यायालयाने सांगितले की, "केला असावा" आणि "केलाच" यांच्यामधले अंतर फार लांबचे आहे. १९८४ मध्ये शरद सारडा यांच्या, पुण्यातच घडलेल्या प्रकरणात, परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना पंचशील म्हटले. पुराव्याची साखळी इतकी पुरी हवी की, निरपराधित्वाला धरून दुसरे कुठलेही वाजवी स्पष्टीकरण उरू नये, हे त्यातले सार. लेसर या साखळीतली एक कडी पोलादी करील. शेजारची कडी सुतळीची असेल, तर साखळीचे बळ सुतळीइतकेच राहणार.

याबाबत आपल्याकडचीच एक जुनी चाल मला शिकण्याजोगी वाटते. पंचनामा म्हणजे पोलिसी कारकुनी, असे आपण समजतो. पण घटनास्थळाचा पंचनामा वाचून पाहावा. त्यात जमिनीवर "रक्ताचे डाग" आहेत असे लिहिण्याऐवजी "रक्तासारखे डाग" आहेत, असे लिहिण्याची पद्धत आहे. समोर प्रेत पडलेले असते, खोलीभर लाल चिखल झालेला असतो, आणि तरीही वस्तीतून बोलावून आणलेली ती दोन साधी माणसे "रक्तासारखे" अशा शब्दाखाली सही करतात. कारण रक्त आहे हे ठरवणे त्यांचे काम नव्हे. ते प्रयोगशाळेने तपासून सांगायचे आहे. माझ्या मते मराठी भाषेने न्यायाला दिलेला हा एक मोलाचा प्रत्यय आहे. वाणी असो की दूधवाला, तो जे पाहतो तेवढेच सांगतो आणि जिथे त्याचे पाहणे संपते तिथे थांबतो. एवढीच मर्यादा, पदव्या आणि यंत्रे जवळ असलेल्या तज्ज्ञाने पाळावी, असे मागणे काही फार मोठे नाही. कायद्यालाही ते मंजूर आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमाने तज्ज्ञाच्या म्हणण्याला "मत" म्हटले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो शब्द मतच राहिला आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे, आणि ती शाळामास्तराची आहे. आमच्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत मुले साहित्य लिहितात, कृती लिहितात, मग "निरीक्षण" लिहितात आणि त्याच्या खाली, वेगळ्या मथळ्याने, "अनुमान" लिहितात. पुष्कळ मुले घाईत दोन्ही एकत्र करतात. निळा लिटमस कागद लाल झाला हे निरीक्षण, आणि द्रव आम्ल आहे हे अनुमान. पण मुलगा निरीक्षणाखालीच "आम्ल दिसले" असे लिहून मोकळा होतो. मी अशा वहीवर लाल रेघ मारतो आणि विचारतो, "बाळ, आम्ल तुला दिसलं कसं?" तो गोंधळतो, मग हसतो आणि खोडून लिहितो. न्यायालयात येणाऱ्या प्रत्येक अहवालाला असे दोन मथळे असावेत. लेसरने मोजलेले वरच्या मथळ्याखाली यावे. तज्ज्ञाने मानलेले खालच्या मथळ्याखाली यावे, आणि आणखी काय मानता आले असते तेही त्याने तिथेच लिहावे. मधली रेघ ठळक असावी. ती रेघ कुठलेही यंत्र मारून देणार नाही. ती मारण्याची सवय दहा-बारा वर्षांच्या वयात लागली तर लागते. आज आमच्या वर्गात बसलेल्या पोरांतूनच उद्याचा तज्ज्ञ, उद्याचा न्यायाधीश आणि उद्याचा आरोपीही निघणार आहे.